मॉस्कोच्या बोगद्यांत दोनदा

‘मेट्रो २०३३’ हा गेम मी पहिल्यांदा पूर्ण केला तेव्हा तो मला कळलाच नव्हता, हे मला भाच्याच्या एका प्रश्नामुळे समजले. शेवट पाहून झाल्यावर मी त्याला मोठ्या समाधानाने फोन केला होता. माझे सगळे वर्णन ऐकून घेऊन त्याने विचारले, ‘मामा, शेवटी तुला निवड करायला मिळाली का?’ कसली निवड, असे मी विचारले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती, आणि मग तो म्हणाला, ‘म्हणजे तू सगळा गेम पळत पळत खेळलास.’

माझे वय ४४ आहे. महाविद्यालयात असताना सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही मित्र जे नेमबाजीचे गेम खेळायचो, त्यांत जो दिसेल त्याच्यावर आपण आधी गोळी झाडायची एवढा एकच नियम होता, आणि वीसेक वर्षांनी तोच नियम गाठीशी घेऊन मी या प्रकाराकडे पुन्हा वळलो. निमित्त असे की मागच्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरून माझ्या घोट्याचे हाड मोडले, दीड महिना पाय उशीवर ठेवून घरी बसणे आले, आणि माझी चिडचिड पाहून भाच्याने त्याचा जुना संगणक आणून माझ्या टेबलावर जोडून दिला. जाताना त्याने दोनच गोष्टी बजावल्या: हेडफोन लावूनच खेळायचे, आणि पात्रांचे आवाज रशियन ठेवायचे, खाली इंग्रजी ओळी येतात त्या वाचायच्या. दोन्ही सूचना मी पाळल्या. त्या दोन्ही सूचना कानांविषयी होत्या, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

कीव्ह येथील ‘फोर ए गेम्स’ या कंपनीने तयार केलेला हा गेम मूळ २०१० सालचा. मी खेळलो ती ‘रिडक्स’ ही २०१४ सालची सुधारित आवृत्ती. त्याला दिमित्री ग्लुखोव्स्की या रशियन लेखकाच्या त्याच नावाच्या कादंबरीचा आधार आहे. कथेत २०१३ साली अणुयुद्ध होते, मॉस्कोतले जे लोक वेळेत भुयारी रेल्वेत उतरू शकतात तेवढेच वाचतात, आणि त्यानंतर वीस वर्षे एकेक स्थानक हे एकेक गाव किंवा एकेक राज्य बनून जगत राहते. वर हवा विषारी, बर्फ कधी न वितळणारे, आणि किरणोत्सर्गाने पालटलेल्या प्राण्यांचा सुळसुळाट. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. मॉस्कोच्या मेट्रोची अनेक स्थानके जमिनीखाली पन्नास-पन्नास मीटर किंवा त्याहूनही खोल आहेत, आणि १९४१ साली शहरावर जर्मन विमाने बाँब टाकत होती तेव्हा लोकांनी याच फलाटांवर रात्री काढल्या होत्या. ज्या शहराच्या आठवणीत हे आहे तिथेच अशी गोष्ट सुचू शकते.

नायक आर्त्योम हा उत्तरेकडच्या व्हेदेएनखा स्थानकात वाढलेला तरुण आहे. त्याच्या स्थानकावर ‘काळे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, माणसाच्या डोक्यात शिरून त्याला वेडे करणाऱ्या अनोळखी जीवांचे सावट आले आहे. हंटर नावाचा एक रेंजर, म्हणजे मेट्रोचे रक्षण करणारा लढवय्या, त्यांच्या मागावर जातो आणि जाताना आर्त्योमला सांगतो की मी परतलो नाही तर तू पोलिसला जा आणि मिलर नावाच्या माणसाला भेट. पोलिस हे मेट्रोच्या मध्यभागी असलेल्या स्थानकांच्या समूहाचे नाव आहे, हे कळेपर्यंत मी बराच वेळ अशा समजुतीत होतो की बिचाऱ्याला तक्रार नोंदवायला पाठवले जात आहे.

पहिल्या खेपेला मी ‘स्पार्टन’ ही पद्धत निवडली. तिच्यात दारूगोळा भरपूर मिळतो आणि माझ्यासारख्या जुन्या सवयीच्या माणसाचे चांगले चालते. मी बोगद्यांतून धावलो, जे समोर आले ते मारले, प्रेतांचे खिसे रिकामे केले आणि पुढे गेलो. मध्येच कधीतरी पडदा क्षणभर उजळायचा आणि कानात एक हलकासा, पाण्यात काही सांडल्यासारखा आवाज यायचा. जुन्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बिघडत चालले आहे, असे मी ठरवून टाकले होते. अकरा संध्याकाळींत गेम संपला. मॉस्कोतल्या ओस्तान्किनोच्या ५४० मीटर उंच दूरचित्रवाणी मनोऱ्यावर चढून आर्त्योम क्षेपणास्त्रांना लक्ष्य दाखवणारे यंत्र बसवतो, क्षेपणास्त्रे सुटतात, काळ्यांची वसाहत जळून खाक होते. मला वाटले, जिंकलो.

भाच्याने मग त्या उजळणाऱ्या पडद्याचा अर्थ सांगितला. गेम तुमच्या नकळत एक हिशेब ठेवत असतो. कोणाला मदत केलीत, कोणाला मारायचे टाळलेत, आणि मुख्य म्हणजे कोणाचे बोलणे थांबून ऐकलेत, याची नोंद होते आणि प्रत्येक नोंदीला तो उजेड आणि तो आवाज. हा हिशेब कुठेही आकड्यांत दिसत नाही. तो पुरेसा जमला असेल तरच शेवटी निवडीचा क्षण समोर येतो. नाहीतर असा काही क्षण होता हे खेळणाऱ्याला कळतही नाही. माझ्या ग्राफिक्स कार्डात काही दोष नव्हता.

घोटा अजून प्लास्टरमध्येच होता. मी दुसऱ्यांदा सुरुवात केली, या वेळी ‘सर्व्हायव्हल’ पद्धतीने, जिच्यात गोळ्या मोजक्या असतात आणि हवा गाळणारे फिल्टर लवकर संपतात. पळायचे नाही, एवढेच ठरवले होते.

पहिला फरक माझ्या स्वतःच्या स्थानकात जाणवला. आधीच्या खेपेला मी त्या फलाटावरून दोन मिनिटांत पार झालो होतो. आता तिथे अर्धा तास गेला. कॅनव्हास आणि पत्रा जोडून केलेल्या खोल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, डुकरांचे खुराडे, मंद पिवळे दिवे, कोणीतरी खोकत आहे, कोणी मुलाला वरच्या जगात आकाश कसे होते ते सांगत आहे, दोन माणसे शेजारच्या स्थानकाशी बंद पडलेल्या संपर्काविषयी दबक्या आवाजात बोलत आहेत. यांपैकी कोणीही आर्त्योमशी बोलत नाही. आपण जवळ उभे राहायचे आणि त्यांचे बोलणे संपू द्यायचे. एरवी गेममध्ये पात्रे आपण येईपर्यंत थांबलेली असतात आणि आपल्याला काम सांगतात; इथे ती आपल्याआधीपासून बोलत असतात आणि आपण गेल्यावरही बोलत राहतील, असे वाटते. रशियन मला एक अक्षर येत नाही. तरी त्या आवाजांतला कंटाळा, धाक, चेष्टा आणि मायेचा सूर कळत होता. चाळीत वाढलेल्या माणसाला भिंतीपलीकडचे बोलणे शब्दांवाचून समजण्याची सवय असते, तिचा उपयोग झाला असेल.

दुसरा फरक हातांचा. या गेमचे खरे कौतुक मला येथेच करायचे आहे, कारण त्यातली गोष्ट अर्धीअधिक हातांच्या कामांतून सांगितली जाते. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड कमी होऊ लागला की खिशातला चार्जर काढून तो हाताने दाबत राहायचा, कर्र कर्र कर्र, आणि तो दाबत असताना हातात बंदूक नसते. पुढे काय करायचे हे पाहायला नकाशाचे बटण नाही. आर्त्योम छातीशी टिपणवही धरतो, आणि अंधार असेल तर तीवरचे वाचायला लायटर पेटवावा लागतो. मनगटावर घड्याळ आहे. त्यावर फिल्टरची उरलेली मिनिटे दिसतात, आणि त्याचा निळा दिवा लागला असेल तर समजायचे की आपण उजेडात आहोत आणि शत्रूला दिसत आहोत. विषारी हवेपासून वाचवणाऱ्या मुखवट्यावर रक्त किंवा चिखल उडाला की तो हाताने पुसायचा. मार बसला की त्याच्या काचेला तडे जातात, आणि ती फुटण्याआधी कुठल्यातरी मृताच्या चेहऱ्यावरचा धड मुखवटा काढून आपल्या तोंडावर चढवावा लागतो. पहिल्या खेपेला हे मी वस्तू उचलण्याइतक्या सहज केले होते. दुसऱ्या खेपेला एका भिंतीला टेकून बसलेल्या माणसाचा मुखवटा घेताना मी का कोण जाणे, त्याच्या शेजारी काय काय ठेवलेले आहे ते आधी पाहिले.

वर, मृत शहरात, हे सगळे एकत्र येते. बर्फाने झाकलेल्या मोटारी, मोडक्या इमारती, आणि आपल्या कानात आपलाच श्वास. फिल्टर संपत आला की तो श्वास जड होतो, काचेवर वाफ धरते, आणि घड्याळाकडे न पाहताही वेळ कळू लागतो. एकदा मी दोन फिल्टर शिल्लक असताना एका मोडक्या इमारतीत काही मिळते का पाहायला गेलो आणि रिकाम्या हाताने बाहेर आलो, तेव्हा शेवटचा मिनिट चालू होता. खुर्चीत बसलेला मी खरोखरच श्वास रोखून धरला होता. स्वयंपाकघरातून पत्नीने ‘बरं वाटतंय ना?’ असे विचारले तेव्हा ते लक्षात आले.

आणि मग गोळ्या. युद्धापूर्वी कारखान्यात बनलेली लष्करी काडतुसे हेच मेट्रोतले चलन आहे. स्थानकातल्या लोकांनी हाताने भरलेली मळकट काडतुसे नेम धरायला, आणि लखलखीत जुनी काडतुसे बाजारात फिल्टर, औषध, बंदूक विकत घ्यायला. गंमत अशी की ही जुनी काडतुसे बंदुकीत भरताही येतात आणि ती जास्त जोरात लागतात. म्हणजे जीव वाचवण्यासाठी पैसे जाळायचे की पैसे वाचवून जीव धोक्यात घालायचा, हा प्रश्न चालत्या चकमकीत पडतो. शस्त्रेही तशीच, भंगारातून केलेली. एका बंदुकीच्या आडव्या पट्टीतली काडतुसे एकेक करून सरकताना डोळ्यांना दिसतात, त्यामुळे किती उरली ते वेगळे सांगावे लागत नाही. दुसरी हवेच्या दाबावर चालते आणि ती सायकलच्या पंपासारखी हाताने भरावी लागते. पहिल्या खेपेला मी भीक मागणाऱ्यांना एकही काडतूस दिले नव्हते. वास्तविक तेव्हा माझ्याकडे शंभराच्या वर होती.

खान नावाच्या वाटाड्याबरोबरचा बोगदा हा माझ्या मते या गेमचा गाभा आहे. खान धड साधू नाही आणि धड सैनिकही नाही. या बोगद्यात मेलेल्या माणसांच्या सावल्या भिंतीवर फिरताना दिसतात. दिव्याचा झोत पडला की दिसतात, खाली केला की नाहीत. खान सांगतो की त्यांना स्पर्श करू नको, त्यांच्यावर गोळ्या झाडून उपयोग नाही, आपल्याला फक्त जवळून निघून जायचे आहे. त्याचे म्हणणे असे की माणसांनी जगाबरोबर स्वर्ग आणि नरकही नष्ट केले, त्यामुळे मेलेल्यांना जायला जागाच उरली नाही आणि ते या बोगद्यांतच राहिले. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, पण या कल्पनेने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. पुढे खान आणखी एक गोष्ट सांगतो: बळाला बळच उत्तर देते आणि हे चक्र तोडायचे तर विचार न करता कृती करून भागत नाही. गेमचा शेवट त्याने तिथेच सांगून टाकला होता. पहिल्या खेपेला त्याचे वाक्य संपायच्या आत मी पुढे जाऊन दाराशी उभा राहिलो होतो.

लाल सेना आणि नवे नाझी या मेट्रोतल्या दोन शत्रू गटांमधल्या आघाडीवरून जाताना मी या वेळी दिव्यांचे बल्ब फिरवून काढत, कंदील फुंकून विझवत, अंधारातून सरकत गेलो. ज्याला टाळता आले नाही त्याला ठोसा मारून बेशुद्ध केले. अंधारात थांबले की दोन्ही बाजूंचे सैनिक काय बोलतात ते ऐकू येते, आणि दोन्हींकडे बोलणे तेच असते: जेवण, थंडी, घरची माणसे, अधिकाऱ्यांना शिव्या. एका बोगद्याच्या तुकड्यासाठी हे एकमेकांना मारत आहेत. मूळ कादंबरीच्या लेखकाला पुढे २०२३ साली, युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाविरुद्ध बोलल्याबद्दल, मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली, आणि त्याच्या गोष्टीला ज्यांनी हे रूप दिले त्यांचे कीव्ह शहर त्याच आक्रमणात बाँबहल्ले सोसत आहे. हे माहीत असताना तो आघाडीचा भाग खेळणे जड जाते.

मुलाचा प्रसंग छोटा आहे, पण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. उद्ध्वस्त स्थानकात साशा नावाचा लहान मुलगा एका प्रेताशेजारी सापडतो. आर्त्योम त्याला पाठीवर घेतो. मुलाच्या वजनाने नेम डगमगतो, आणि श्वापदे कुठून येत आहेत हे तो घाबरून कानाशी सांगत राहतो. पहिल्या वेळी मला तो ओझे वाटला होता. आता मी त्याच्या आवाजावर विसंबून वळत होतो, आणि खरे सांगायचे तर तो माझ्यापेक्षा आधी पाहत होता. शेवटी त्याची आई भेटते आणि बक्षीस म्हणून जवळची काडतुसे पुढे करते. माझ्याकडे तेव्हा सात उरली होती. मी घेतली नाहीत. पडदा उजळला, पण त्या क्षणी हिशेबाची आठवण राहिली नव्हती.

लेनिन ग्रंथालयाविषयी मात्र लिहिण्यापेक्षा ते खेळावे. तिथे ग्रंथपाल म्हणून ओळखले जाणारे प्रचंड, राखाडी प्राणी राहतात. एखादा समोर आला तर बंदूक न चालवता त्याच्या डोळ्यांत पाहत राहायचे आणि हळूहळू मागे सरकायचे. पाठ फिरवली की संपलेच. नेमबाजीच्या गेममधला सर्वांत भीतिदायक प्रसंग एकही गोळी न झाडता, नजर न हलवता पार करायला लावणे, याला धाडस लागते. माझ्यामागे पुस्तकांचे कपाट आहे की जिना, हे आठवत आठवत मी मागे जात होतो.

दोष आहेत. शत्रू सैनिक कधीकधी अगदीच बावळटासारखे वागतात. डी-६ या लष्करी तळावर फुटणाऱ्या लिबलिबीत गोळ्यांशी जी लढाई आहे ती कंटाळवाणी आहे आणि लवकर संपतही नाही. बायका या जगात पार्श्वभूमीपुरत्याच आहेत. वीस वर्षे ज्यांनी ही स्थानके चालवली त्यांच्यातल्या एकीलाही कथेत नीट नाव असू नये, हे मला खटकले. तरीही ज्या परिस्थितीत गेमच्या निर्मात्यांनी काम केले ती पाहता जमले ते थोडे नाही. प्रकाशन करणाऱ्या टीएचक्यू कंपनीचे शेवटचे अध्यक्ष जेसन रुबिन यांनी २०१३ साली, या गेमचा पुढचा भाग आला तेव्हा, लिहिले होते की त्याचे निर्माते लग्नसमारंभात मांडतात तसल्या घडीच्या खुर्च्यांवर एकमेकांना खेटून बसून काम करत, वीज जात असे, आणि त्यांचे अंदाजपत्रक मोठ्या स्पर्धकांच्या एक दशांशाहूनही कमी होते. भारनियमनात परीक्षांचा अभ्यास केलेल्या आमच्या पिढीला हे चित्र परके वाटू नये.

दुसऱ्यांदा मनोऱ्यावर पोचलो तेव्हा प्लास्टर निघून तीन दिवस झाले होते. मधूनमधून आर्त्योमला जी स्वप्ने पडतात, ज्यांत एक काळा त्याच्याकडे हात पुढे करून येतो, ती मी पहिल्या वेळी घाबरवण्याची युक्ती समजलो होतो. आता त्यातले शब्द ऐकले. काळे सुरुवातीपासून बोलायचा प्रयत्न करत होते, आणि ज्याला त्यांचे ऐकू येत होते असा माणूस त्यांना आर्त्योमच्या रूपाने सापडला होता. लोकांना वेड लागत होते ते हल्ल्याने नव्हे, तर त्यांचे म्हणणे माणसाच्या डोक्याला पेलत नव्हते म्हणून, असे मला वाटते. गेम ते स्पष्ट करत नाही आणि तेच बरे आहे.

यंत्र बसवून झाले. क्षेपणास्त्रे सुटण्याच्या तयारीत. आणि मग ज्या ठिकाणी मागच्या खेपेला गेमने सूत्रे स्वतःच्या हाती घेतली होती, तिथे पडद्यावर माझे हात तसेच राहिले, बंदूक तशीच राहिली, आणि लक्ष्य दाखवणारे ते यंत्र समोर होते. कोणतीही सूचना आली नाही. काय करायचे ते कोणी सांगितले नाही. काही सेकंदच असतात, आणि त्यांतले पहिले दोन मी नुसते ते यंत्र पाहण्यात घालवले, कारण आपल्याला खरोखरच निवड मिळाली आहे यावर विश्वास बसत नव्हता. मग मी त्यावर गोळ्या झाडल्या. ते कठड्यावरून खाली पडले.

रात्रीचा एक वाजून गेला होता. भाच्याला फोन करायची वेळ नव्हती, म्हणून संदेश पाठवला: ‘मिळाली.’ तो जागाच होता. त्याने विचारले, ‘खानचं सगळं ऐकलंस का?’